नाटकाला वही न्हाई, टँकरला हाय

न्हाई, न्हाई, तुमीच सांगा मला, वही नसंल तर प्रॉम्टरनं करायचं काय? विंगेत उभं राहून माशा हाकायच्या? आं? बावीस वर्सं झाली मला प्रॉम्टिंग करून, आमच्या वीरभद्राच्या जत्रंतलं नाटक माझ्या तोंडाबिगर एक पाऊल म्होरं गेलेलं न्हाई, आन ती महानंदाताई मला तोंडावर म्हणती, "नरसिंगकाका, आपल्या नाटकाला वही नसणार आहे." नसणार हाय! अवो, जेवाया बोलवायचं आन ताट मांडायचंच न्हाई, असलं झालं की हे... नाटक हाय, आन वही न्हाई!

बसा बसा, सावलीला सरकून बसा. पाव्हणे तुमी, औशाहून एवढ्या उन्हाचं आमच्या नाटकाची हकिकत इचारत आलाव. आन ही आमची गावातली चार टाळकी, ह्यांनी शंभरदा ऐकलंय तरी तोंड वासून बसत्यात. एकच आधी सांगून ठेवतो, आज टँकरचा दिस हाय. माझा एक कान वेशीकडं लागलेला हाय. बोलता बोलता उठून पळालो तर राग मानू नका.

तर तुम्हाला सांगतो, आमच्याकडची नाटकाची रीतच निराळी. तालमी व्हत्यात चांगल्या पंधरा दिस, च्या पितेत, बिड्या वढतेत, पन पाठांतर कुनीच करत न्हाई. कामून करंल? नरसिंग हाय की! मी विंगेतनं वाक्य सोडायचं, राजानं ते उचलायचं. परत्येक वाक्य गावाला दोनदा ऐकू येतंय, आधी माझं बारीक, मग राजाचं मोठं. बाया तर माझ्याच विंगेच्या अंगाला जागा धरत्यात. गुणामावशी म्हणती, "हिकडं बस गं, हिकडं नाटक आधी ऐकू येतंय!" एकदा मला ठसका लागला, तर राजा भर दरबारात ठसकला. एकदा कंदील भडकला म्हणून मी वरडलो, "आरं, वात खाली घ्या की मेल्यानो!" तर राजा सिंहासनावरनं प्रधानाला म्हणतो काय, "प्रधानजी! आरं, वात खाली घ्या की मेल्यानो!" आन प्रधान "जशी आज्ञा महाराज" म्हणून मुजरा करून गेला! एक मानूस हसलं न्हाई. गावाला वाटलं, वहीत असंल. असा माझा वट व्हता बगा. मी म्हणंन ते गाव करायचं.

आन त्यात हा दुष्काळ. नवा जिल्हा झाला तवा आमी बी पेढे खाल्ले, न्हाई म्हणत न्हाई. बसलिंगप्पा सरपंचांनी वेशीला तोरण बांधलं, म्हणले, "आता हापीस जवळ आलं, सकाळी गेलं की दुपारी जेवाया घरी!" जवळ आलं खरं. पन टँकरचा अर्ज घेऊन जुन्याकडं गेलं की म्हणतेत, तुमी आता नव्यात. नव्याकडं गेलं की म्हणतेत, तुमचं दप्तर अजून जुन्यात. गाव नव्यात, कागद जुन्यात, आन पाणी? पाणी कशातच न्हाई! अप्पांच्या वहाणा झिजल्या तवा कुठं दर तिसऱ्या दिवशी एक टँकर मंजूर झाला. त्याच्यावर डायवर वीरण्णा, देवणीकडचा, अर्धं मराठी आन अर्धं कानडी बोलतो, मानूस सोन्यासारखा पन नेमाचा लई कडक. वेशीत येणार, भोंगा वाजवणार, पों, पों, पोंऽऽऽ... दोन बारके, एक लांब. मग वही काढणार. खेपेची वही! गावातल्या दोन माणसांच्या सह्या झाल्याबिगर नळ सोडणार न्हाई. "नियम री, नियम," म्हणतो. पाच मिनिटं थांबतो, दोन सह्या न्हाई झाल्या तर गाडी म्होरच्या गावाला. आता हे बगा, पाण्याच्या टँकरला वही हाय. आन आमचं नाटक हाय, आन वही न्हाई!

ही महानंदाताई म्हंजे उदगीरच्या आडतवाल्याची लेक. पुण्याला नाटकाचं शिकून आली, खांद्याला झोळी, पायात कोल्हापुरी, बोलणं एकदम साफ. उन्हाळ्याची सुट्टी, शाळा रिकामी, तर म्हणली, वीस दिस सगळ्या कलावंतांनी शाळेत ऱ्हायाचं, संगं जेवायचं, संगं काम करायचं आन सगळ्यांनी मिळून एक नवं नाटक शोधायचं. मी म्हणलो, "हरवलंय का?" हसली बिचारी. तशी पोरगी लई गुणाची, कुणाला तोडून बोलायची न्हाई. संगं आणला एक कवी, शिवमूर्ती लातूरचा, केस मानंपोतर. आन एक नांदेडची पंचशीलाबाई, शाळंत मास्तरीण, गळा असा की पहिलं कडवं म्हणलं तर वेशीतली कुत्री गप बसली. आन गावातनं गुणामावशी आन मी. झाले पाच कलावंत.

पहिल्याच दिवशी मी औशाहून आणलेली शंभरपानी नवी वही काढली, हळदकुंकू लावलं, पेनात शाई भरली आन म्हणलो, "हां ताई, सांगा. पडदा वर जातो... म्होरं?" ताई म्हणली, "काका, आज आपण सगळे विहीर व्हायचं." मी लिहिलं बी, आज सगळे विहीर! मग बगतो तर काय, खरंच व्हाया लागले. शिवमूर्ती उकिडवा बसला, हात वर, डोळे मिटले, तासभर हालंना. गुणामावशी त्याच्याजवळ गेली, वरनं वाकून बगितलं आन म्हणली, "ह्यात बी न्हाई बाई पाणी."

तरी बरं, आल्या आल्या त्या गड्यानं दोन बादल्या पाण्यानं केस धुतले व्हते! दोन बादल्या! गुणामावशी त्याच्याशी तीन दिस बोलली न्हाई. चौथ्या दिवशी गेला की न्हाव्याकडं मुकाट्यानं, गोटा करून आला. मग मावशीनं त्याला आपल्या हातानं भाकर वाढली. मला बी त्याच दिवशी पटलं, गडी वाईट न्हाई.

रोज सकाळी मी इचारायचो, "ताई, वही?" रोज ताई म्हणायची, "होईल काका, नाटक आपल्या आतून येईल." आतून! माझ्या आतून काय येणार? मी बावीस वर्सं दुसऱ्यानं लिहिलेलं वाचून ऱ्हायलो, माझं आत म्हंजे रिकामं पेव. तरी मी ते बोलतील ते लिहून काढायचो. आज शिवमूर्ती म्हणायचा, "आभाळ कोरडं", मी लिहायचो, आभाळ कोरडं. उद्या म्हणायचा, "धरती मुकी". "आरं, आभाळ कुठं गेलं?" तर म्हणायचा, "ते कालचं होतं." आता सांगा! कालचं म्हणून काय झालं? आमच्या राजाची वाक्यं बावीस वर्सांची हायेत! साठ पानं खोडली मी. खोटं बोलत न्हाई, शाळंच्या मागं जाऊन डोळे पुसले एकदा. नाटक हाय, आन वही न्हाई, मग नरसिंग तरी कशाला हाय?

आन ताईचा एक नेम व्हता, तो नीट ध्यानात ठेवा. ती म्हणायची, "समोरचा काहीही बोलू दे, नाही म्हणायचं नाही. हाव म्हणायचं आणि त्यात आपलं काहीतरी घालायचं." शिवमूर्ती दोन्ही हात पसरून वरडला, "आभाळ फाटलंऽऽ!" गुणामावशी म्हणली, "हाव, आन माझी सुई हरवली." ताईनं टाळ्या वाजवल्या, मावशीला मिठी मारली. मावशीला इतका आवडला नेम की घरी बी सुरू केलं. सून म्हणली, "आत्याबाई, पीठ संपलं." मावशी म्हणती, "हाव, आन मी भाकऱ्या केल्या!" सून दोन दिस माहेरी जाऊन बसली.

मधी एक दिवस बसलिंगप्पा मला बाजूला घेऊन म्हणले, "नरसिंगा, नाटकाला नव्या जिल्ह्याचे मोठे साहेब येणार हायेत. त्यांनी गावाचे हाल बगितले की रोजचा टँकर मंजूर. ह्या नाटकावर गावाचं पाणी हाय बाबा, मधी खोडा घालू नको." मी कशाला घालतो खोडा? पन बगा की! गावाचं पाणी, आन ते टांगलंय कशावर, तर वही नसलेल्या नाटकावर!

ताईला माझी दया आली असंल. म्हणली, "काका, तुम्हाला एक काम आहे. शेवटी टँकर येतो, त्याचा भोंगा तुम्ही वाजवायचा." वीरण्णानं आपला जादाचा भोंगा दिला, रबरी फुग्याचा, गाडीवरल्याचा सख्खा जुळा भाऊ, आवाजात केसाचा फरक न्हाई. मी गळ्यात अडकवला. म्हणलो, "कोणच्या वाक्यावर वाजवू?" ताई म्हणली, "वाक्य नाही काका. तुम्हाला आतून वाटेल तेव्हा." परत आतून!

म्हणलं, आधी वाजतोय का तर बगावं. शाळंच्या ओट्यावर उभा राहिलो, भर दुपारी, पों, पों, पोंऽऽऽ... आन तुम्हाला सांगतो, सगळं गाव उठलं! घागरी, हंडे, डबडी, एक म्हातारा तर परात घेऊन पळाला. पंचशीलाबाईचा सूर लागलेला, ती कडवं तोडून बादली घेऊन पळाली! शिवमूर्ती विहीर झाला व्हता, ती विहीर उठून डबा घेऊन पळाली! वेशीत दोनशे भांडी, आन टँकर? टँकर कुठला यायला! परत येऊन लोकांनी मला जे काय वाहिलं... ते मी वहीत लिहिलं न्हाई.

अप्पा बेजार झाले. साहेबांच्या म्होरं असं झालं तर? अर्धं नाटक टाकून गाव पळालं तर? इज्जत जाईल की! त्यांनी दवंडी दिली, "ऐका हो ऐका, नाटकात भोंगा वाजंल, तो नरसिंगचा समजावा! कुनीबी जागचं हलू नये! हलंल त्याची घागर जप्त!" आन टँकर आदल्या दिवशीच येऊन गेलता, म्हंजे नाटकाच्या दिवशी यायचा सवालच न्हाई. सगळं कसं पक्कं.

नाटकाचा दिस उजाडला. उन्हं कलली तवा शाळंच्या पटांगणात गाव जमलं, म्होरं खुर्चीवर साहेब, बाजूला अप्पा नवा फेटा बांधून. मी पडद्यामागं, गळ्यात भोंगा, काखंत वही. खोडलेली का असंना, असू दे म्हणलं, धीर येतो. पंचशीलाबाईनं पाण्याचं गाणं सुरू केलं, बाया पदर लावाया लागल्या डोळ्याला. गुणामावशी रिकामी घागर घेऊन बसली, नुसती बसली, तरी बगवंना. खरं सांगतो, तवा मला पहिल्यांदा वाटलं, ताई म्हणती त्यात काहीतरी हाय. वही न्हाई, तरी गाव श्वास धरून बसलंय! मी भोंग्यावर हात ठेवला आन आतून कधी वाटतंय त्याची वाट बगाया लागलो...

पों, पों, पोंऽऽऽ!

अवो, मी हाताकडं बगितलं. फुगा फुगलेलाच! मी दाबलाच न्हाई! माझ्या आतून काय वाटायच्या आधीच बाहेरनं वाजला. वळून वेशीकडं बगतो तर टँकर! खराखुरा टँकर! साहेब गावात येणार म्हणून वरनं कुनीतरी एक जादा खेप धाडलेली, आन ते गावाला कळवायचं ऱ्हाऊन गेलेलं!

आन गाव? एक मानूस हालंल तर शपथ. उलट माना डोलवून ऱ्हायले, "काय वाजवतो नरसिंग! हुबेहूब!" मी तसाच मागच्या मागं वेशीकडं धावलो. वीरण्णा वही उघडून उभा. "नरसिंगप्पा, ऊर यल्ली? गाव कुठंय री?" मी म्हणलो, "नाटकात हाय, तू नळ सोड." म्हणला, "दोन सही." मी एक केली. म्हणला, "दुसरी?" म्हणलो, "वीरण्णा, तू मला वळखतो..." म्हणला, "वळखतो री, पन तू एकच हाय. पाच मिनिटं."

पळालो परत. इचार केला न्हाई, विंग बगितली न्हाई, पडदा बाजूला सारून डायरेक स्टेजवर! जन्मात पहिल्यांदा! समोर सगळं गाव, खुर्चीत साहेब. तोंड उघडलं तर शब्द न्हाई. बावीस वर्सं मी सगळ्यांना वाक्यं दिली वो, माझ्या वेळंला विंगेत बगतो तर विंग रिकामी. मला वाक्य देणार कोन? कसाबसा वरडलो, "आरं, खरा टँकर आलाय! ह्यो भोंगा मी वाजवला न्हाई! उठा की!"

टाळ्या! काय टाळ्या! ताई विंगेतनं हळूच म्हणती, "वा काका, वा! आलं ना आतून! चालू ठेवा!" मी म्हणलो, "नाटक न्हाई हे, सही पायजे, दुसरी सही!" शिवमूर्ती म्होरं आला, डोळ्यात पाणी, नेमानं म्हणला, "हाव! सही पाहिजे! आभाळाची सही पाहिजे!" मी गुणामावशीचे पाय धरले, म्हणलो, "मावशे, तू तरी चल, अंगठा दे, पाणी जाऊन ऱ्हायलंय!" मावशीनं माझ्याकडं बगितलं, मला वाटलं, समजलं हिला... आन म्हणली काय? "हाव! आलाय टँकर! आन मी घागर भरून ऱ्हायले!" आन बसली की हवेतनं पाणी भराया! पंचशीलाबाई हवेतनं भरती, शिवमूर्ती हवेतनं भरतो, आपसात धक्काबुक्की बी करतेत, आन शंभर पावलावर खऱ्या पाण्याचा टँकर उभा!

मी खाली बसलो आन रडलो. नाटकातलं न्हाई, खरं रडलो. मनात आलं, बावीस वर्सं दुसऱ्याची वाक्यं बोललो, समदी खरी वाटली लोकांला. जन्मात एक वाक्य सवताचं बोललो, आन ते एकालाबी खरं वाटंना. मी जसा रडतोय तशा टाळ्या वाढतेत! साहेब उभे राहिले! साहेबांनी रुमाल काढला!

तेवढ्यात वीरण्णानं निघायचा एक लांब भोंगा दिला, पोंऽऽऽ. आन पंचशीलाबाईची नजर माझ्या गळ्यातल्या भोंग्यावर गेली. माझे दोन्ही हात डोळ्याला, आन भोंगा तर वाजतोय! ती किंचाळली, "अगं बाई, खरा हाय!" आन उडी टाकून अनवाणी पळाली. अर्धा कोस पळाली बिचारी टँकरमागं, पायाला फोड आले. गाव टाळ्या वाजवून ऱ्हायलं, म्हणलं, काय शेवट केलाय!

पडदा पडला. साहेबांनी अप्पांची पाठ थोपटली, म्हणले, "असं जिवंत नाटक बघितलं नाही. टँकरचं बघतो." आन आठ दिवसांनी धाडला गावाला एक करंडक. हा बगा, हितंच ठेवलाय. पाव लिटर पाणी मावतंय त्यात, गुणामावशीनं मोजून बगितलं. आन टँकरचं बी बगितलं की! वीरण्णानं आपल्या खेपेच्या वहीत नेमानं लिहिलं व्हतं, "टँकर पोचला. गावातले लोक पाणी घेण्यास हजर नव्हते." हापिसात ते वाचलं. ज्या गावाला पाणी नको त्याला तिसऱ्या दिवशी कशाला? आता पाचव्या दिवशी येतो. अप्पा फेटा काढून परत हापिसात खेटे घालून ऱ्हायलेत.

ताईला खरं कळलं तवा ती लई रडली. चार दिस स्वतः डोक्यावर घागर घेऊन पल्याडच्या वाडीवरनं पाणी आणलं पोरीनं, मान मोडस्तवर. मी तरी काय बोलणार तिला? जाताना माझ्या हातात वही दिली. लिहिलेली! पहिल्या पानापासनं शेवटापोतर, माझं रडणं, माझं वरडणं, समदं शब्दाला शब्द. म्हणली, "काका, गावोगावी करायचंय हे. तुमचं काम तुम्हीच करा." झाली एकदाची वही! आन आता माझंच वाक्य मला पाठ व्हईना, हे दुखणं कुणाला सांगू...

थांबा.

थांबा, थांबा, गप बसा जरा... ऐकलं का? पों, पों... आला! आला वो! उठा! आरं, उठा की, भांडी घ्या! पाव्हणे, तुमी बी चला, दुसरी सही पायजे, तुमचं नाव चालतंय!... हसता काय? खरा हाय! भोंगा बगा, खुंटीला टांगलाय, माझे दोन्ही हात मोकळे हायेत... आता टाळ्या कामून वाजवायलाव? आरं, टाळ्या नगं, सही पायजे, सही!

बरं, बसा. वाजवा टाळ्या. मी निघालो. आता मी कुणाची वाट बगत न्हाई... उजव्या हातानं सही करतो, डाव्या हाताचा अंगठा उठवतो, आन वीरण्णाला म्हणतो, घे बाबा, अख्खं गाव हजर हाय.